चॅलेंज कॉइन जमवायला सुरुवात करताना

चॅलेंज कॉइन म्हणजे एखाद्या पलटणीचं, युद्धनौकेचं, पोलीस खात्याचं किंवा अग्निशमन केंद्राचं चिन्ह ठसवलेलं धातूचं नाणं. चलनाशी त्याचा काही संबंध नाही. त्यावर रक्कम नसते आणि दुकानात ते चालत नाही. बहुतेक नाण्यांचा व्यास पावणेदोन इंचांच्या, म्हणजे 44 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि जाडी साधारण 3 मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून हे तळहातावर केवढं भरतं याचा अंदाज यावा. ही रीत अमेरिकी सैन्यात वाढली आणि आजही तिचं घर तिथेच आहे. तिथून ती पोलीस, अग्निशमन दल, गुप्तचर संस्था, नासा आणि थेट व्हाइट हाउसपर्यंत गेली.

ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत अशा मराठी घरांतही ही नाणी येऊन पडतात. कुणाला शेजारच्या निवृत्त सैनिकाने दिलेलं असतं, कुणी सॅन दिएगोला ‘मिडवे’ किंवा न्यूयॉर्कला ‘इंट्रेपिड’ ही विमानवाहू नौका बघायला गेलेलं असताना तिथल्या दुकानातून आणलेलं असतं. मग ते शोकेसमध्ये बसतं आणि दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही की ते आलं कुठून. या छंदात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो: नाण्याबरोबर ते कुणी, कुणाला, कशासाठी दिलं हेही जमवा. धातूची किंमत फार नसते. दिलं-घेतलं जाण्यात त्याचं मोल आहे, आणि तेवढीच माहिती सगळ्यात लवकर हरवते.

दंतकथा कुठली, इतिहास कुठला

या नाण्यांबद्दल वाचायला लागलात की पहिली भेटणारी गोष्ट पहिल्या महायुद्धातली असते. एका श्रीमंत अमेरिकी लेफ्टनंटने आपल्या स्क्वॉड्रनमधल्या वैमानिकांसाठी कांस्याची पदकं पाडून घेतली. त्यातल्या एका वैमानिकाने ते पदक चामड्याच्या थैलीत घालून गळ्यात बांधलं. त्याचं विमान पडलं, जर्मनांनी त्याला पकडलं, ओळखीची सगळी कागदपत्रं काढून घेतली. गळ्यातली थैली तेवढी राहिली. तो निसटून फ्रेंच हद्दीत पोचला तर फ्रेंचांना तो घातपाती वाटला आणि त्यांनी त्याला गोळी घालायची तयारी केली. त्याने पदक दाखवलं, कुणीतरी त्यावरचं स्क्वॉड्रनचं चिन्ह ओळखलं आणि तो वाचला. वर वाइनची बाटलीही मिळाली.

गोष्ट सुंदर आहे आणि प्रत्येक विक्रेता ती सांगतो. पण तिला कागदोपत्री पुरावा नाही. वैमानिकाचं नाव नाही, स्क्वॉड्रनचा क्रमांक नाही. ती दंतकथा म्हणून ऐकावी, सांगावी. मात्र ‘त्या’ स्क्वॉड्रनचं अस्सल नाणं म्हणून कुणी काही विकायला आलं तर तिथेच थांबावं.

याहून पक्का धागा कोरियाच्या युद्धात सापडतो. 17 व्या इन्फंट्री रेजिमेंटचे कर्नल विल्यम क्विन, ज्यांना ‘बफेलो बिल’ म्हणत, यांनी 1950-51 मध्ये आपल्या हाताखाली लढलेल्यांसाठी नाणी पाडून घेतली होती. पुढे 1969 मध्ये 10 व्या स्पेशल फोर्सेस ग्रुपचे कर्नल व्हर्नन ग्रीन यांनी आपल्या तुकडीचं नाणं काढलं. बाकीच्या सैन्यात ही रीत पसरली ती प्रामुख्याने 1980 च्या दशकात. म्हणजे आज बाजारात दिसणारी बहुसंख्य नाणी गेल्या चाळीसेक वर्षांतली आहेत. ‘दुसऱ्या महायुद्धातलं’ म्हणून रंगीत, चकचकीत चॅलेंज कॉइन दाखवलं गेलं तर ते महायुद्धाच्या स्मरणार्थ नंतर काढलेलं असण्याचीच शक्यता फार मोठी.

आव्हानाचा भाग, म्हणजे एकाने नाणं दाखवलं की बाकीच्यांनीही आपापलं काढून दाखवायचं ही रीत, वेगळ्या वाटेने आला असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांत ‘फेनिग चेक’ नावाचा खेळ चाले. फेनिग हे तेव्हाचं तिथलं सगळ्यात कमी किमतीचं नाणं. कुणी बारमध्ये आपला फेनिग काढून दाखवला की बाकीच्यांनीही दाखवायचा. ज्याच्या खिशात नसेल त्याने सगळ्यांची दारू भरायची. व्हिएतनाममध्ये तर पायदळाच्या तुकड्यांनी ‘बुलेट क्लब’ काढले होते. खिशात न उडवलेली गोळी बाळगायची आणि मागितली की टेबलावर ठेवायची. हळूहळू माणसं एकमेकांवर मात करायला मोठमोठी काडतुसं आणायला लागली. दारूच्या टेबलावर जिवंत दारूगोळा ठेवण्यापेक्षा नाणं बरं, हे वरिष्ठांना पटायला वेळ लागला नसणार.

नाणं देतात कसं

हा भाग नीट समजून घ्या, कारण या छंदाची सगळी गोडी इथे आहे.

सेनाधिकारी एखाद्या सैनिकाच्या कामावर खूश असतो. पदकाची शिफारस करायची तर कागद, समित्या, महिने. नाण्याला त्यातलं काही लागत नाही. अधिकारी उजव्या हाताच्या तळव्यात नाणं दडवतो आणि हस्तांदोलनाला हात पुढे करतो. समोरच्याच्या तळव्याला थंड, जड काहीतरी लागतं. हात सुटतो तेव्हा नाणं एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं असतं. बघणाऱ्याला फक्त हस्तांदोलन दिसतं. ज्याला मिळतं तो मुठीत ते दाबून धरतो आणि बाजूला गेल्यावरच उघडून बघतो. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स जून 2011 मध्ये अफगाणिस्तानातल्या आघाडीच्या तळांवर फिरले तेव्हा भेटलेल्या सैनिकांना त्यांनी अशीच हातात हात मिळवून नाणी दिली होती.

वायुदलात नव्या भरतीचं प्रशिक्षण टेक्सासमधल्या लॅकलँड तळावर होतं. प्रशिक्षण संपताना प्रत्येकाच्या हातावर ‘एअरमन्स कॉइन’ ठेवलं जातं आणि त्या क्षणापासून तो प्रशिक्षणार्थी राहत नाही, वायुसैनिक होतो. तसल्याच नाण्यांच्या प्रती ऑनलाइन थोड्या डॉलरांत मिळतात. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक सांगता येणार नाही. ज्या मुलीने आठवडेच्या आठवडे घाम गाळून ते मिळवलं तिला मात्र फरक विचारावा लागत नाही.

याच्याशी नातं असलेली आणखी एक प्रथा ‘पहिल्या सलामी’ची आहे. नवा अधिकारी कमिशन मिळाल्यावर ज्या सैनिकाकडून पहिली सलामी घेतो त्याला चांदीचा डॉलर देतो. हे चॅलेंज कॉइन नव्हे, पण जुन्या संग्रहात असा एकटा डॉलर आढळला तर तो चुकून आला असं समजून बाहेर काढू नका.

राष्ट्राध्यक्षांचीही नाणी असतात. बिल क्लिंटन यांना सैनिकांकडून मिळालेली नाणी त्यांनी मांडणीत लावून ठेवली होती आणि त्यांच्या व्हाइट हाउसमधल्या अधिकृत तैलचित्रात मागे ती दिसतात. बराक ओबामा शहीद सैनिकांच्या थडग्यांवर आपलं नाणं ठेवत. डोनाल्ड ट्रम्प यांचं 2017 चं नाणं आधीच्यांपेक्षा जाड आणि अधिक सोनेरी होतं, आणि त्यावर राष्ट्राच्या लॅटिन ब्रीदवाक्याच्या जागी त्यांची निवडणुकीतली घोषणा आली. त्यावरून तेव्हा बरीच चर्चा झाली. या नाण्यांचा माग काढला तर एकेका माणसाचा स्वभाव कळतो, म्हणून राष्ट्राध्यक्षांची नाणी हा संग्रहाचा फार चांगला विषय आहे.

वॉशिंग्टनला गेलात आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत फिरलात, विशेषतः अलीकडच्या युद्धांतल्या सैनिकांच्या साठाव्या विभागात, तर थडग्यांवर साधी आणि चॅलेंज अशी दोन्ही प्रकारची नाणी दिसतील. त्यांना हात लावू नका. मुलं बरोबर असतील तर आत शिरण्याआधीच त्यांना सांगून ठेवा.

आव्हानाचे नियम

प्रत्येक तुकडीत थोडा फेरफार असतो. सर्वसाधारण रीत अशी.

कुणीही आपलं नाणं टेबलावर आपटून किंवा हात वर करून दाखवू शकतो. हे झालं आव्हान. हजर असलेल्या प्रत्येकाने आपापलं नाणं काढायचं. उठून जाऊन आणायचं तर एक पाऊल आणि हाताचं अंतर, एवढीच मुभा. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांच्या दारूची एक फेरी भरायची. सगळ्यांकडे निघालं तर आव्हान देणाऱ्याने भरायची. चुकून नाणं खाली पडून वाजलं तरी ते आव्हान धरतात, म्हणून अनुभवी माणसं बारमध्ये नाण्याशी चाळा करत बसत नाहीत.

भोक पाडून किल्ल्यांना अडकवलेलं किंवा पट्ट्याच्या बक्कलात बसवलेलं नाणं बाद. गळ्यातल्या थैलीतलं चालतं. तो त्या वैमानिकाच्या गोष्टीचा मान.

संग्राहकाने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. काही ठिकाणी तुम्ही कुणाच्या हातात आपलं नाणं दिलंत की ते त्याचं झालं, असा पक्का नियम आहे. म्हणून कुणी सैनिक आपलं नाणं बघायला दाखवत असेल तर ते टेबलावर ठेवू द्या आणि विचारून उचला. आपलं दाखवतानाही तेच करा.

नाणं वाचायला शिका

एखादं नाणं उजेडात धरा. बहुतेक वेळा एका बाजूला तुकडीचं चिन्ह असतं आणि दुसऱ्या बाजूला तिच्या वरच्या संघटनेचं किंवा देणाऱ्याच्या हुद्द्याचं. तारे असतील तर ते मोजा. एक तारा ब्रिगेडियर जनरलचा, चार तारे जनरलचे. ‘उत्कृष्ट कामाबद्दल’ अशा अर्थाचा मजकूर काठाने फिरला असेल तर ते सेनाधिकाऱ्याने द्यायचं नाणं. तसा मजकूर नसून नुसतं चिन्ह आणि तळाचं नाव असेल तर ते तुकडीतल्या सगळ्यांसाठी किंवा कँटीनमध्ये विकायला काढलेलं असण्याची शक्यता जास्त.

ब्रीदवाक्यावरून दल ओळखता येतं. ‘सेम्पर फिडेलिस’ मरीन कोअरचं, ‘डी ऑप्रेसो लिबर’ स्पेशल फोर्सेसचं. दोन इंग्रजी ‘ए’ एका वर्तुळात दिसले तर 82 वी एअरबोर्न डिव्हिजन, किंचाळणाऱ्या गरुडाचं डोकं दिसलं तर 101 वी. नौकेच्या नाण्यावर तिचा क्रमांक असतोच. पोलिसांच्या नाण्यावर पंखवाला संत मायकेल तलवार घेऊन उभा असतो. अग्निशमन दलाच्या नाण्यावर माल्टीज क्रॉस, कुऱ्हाड, शिडी आणि पुष्कळदा संत फ्लोरियन. हे दोघे त्या त्या पेशाचे रक्षणकर्ते मानले जातात.

मग घडण बघा. नाण्यात भरलेल्या रंगाला इनॅमल म्हणतात. नख त्या रंगावरून फिरवा. रंग खोलगट आणि भोवतीची धातूची रेघ नखाला लागते, तर ते सॉफ्ट इनॅमल. रंग आणि धातू एका पातळीत गुळगुळीत, तर हार्ड इनॅमल. वर पारदर्शक, किंचित फुगीर थर असेल तर खाली बहुधा छापील चित्र आहे. काठ साधा, दातेरी किंवा दोरखंडासारखा पिळलेला असतो. पिळाचा काठ बरेच जण पसंत करतात कारण बोटांना पकड छान मिळते.

धातू बहुतेक वेळा पितळ, नाहीतर जस्ताचा मिश्रधातू. लोहचुंबक लावून बघा. पितळ आणि जस्त दोन्ही चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे, म्हणजे काम स्वस्तातलं. पितळ आणि जस्तात फरक करायचा तर वजन. पितळाची घनता साडेआठच्या घरात, जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहा-पावणेसातच्या. एकाच आकाराची दोन नाणी दोन्ही हातांत घेतलीत तर काट्याची गरज पडत नाही. जस्त हलक्या प्रतीचं म्हणून टाकाऊ समजू नका मात्र. आरपार कोरलेली आणि अनियमित आकाराची नाणी ओतकामातच नीट बनतात आणि त्याला जस्तच लागतं.

काय जमवायचं ते आधी ठरवा

‘सगळंच’ हे उत्तर फार महागात पडतं. ही नाणी कोणीही, कितीही पाडू शकतं. त्यांची कुठे यादी नाही, टांकसाळ नाही. त्यामुळे संग्रह कधी पुरा होत नाही, आणि विषय आखून घेतला नाही तर तो नुसता ढीग होतो.

मला सगळ्यात समाधान देणारे संग्रह लहान असतात. एकाच नौकेची वेगवेगळ्या कप्तानांच्या काळातली नाणी. एका शहरातल्या अग्निशमन केंद्रांची नाणी, प्रत्येक केंद्राचा आपापला प्राणी किंवा टोपणनाव असलेली. नासाच्या मोहिमांची. तुमच्या घरात कुणी डॉक्टर असेल तर सैन्यातल्या वैद्यकीय तुकड्यांची, जिथे सापाचा वेढा असलेली काठी नाना रूपांत भेटते. आपल्या आयुष्याशी जोडलेला विषय घेतला की वाचन आपोआप होतं.

ज्यांना भटकंतीची आवड आहे त्यांच्यासाठी जिओकॉइन हे जवळचं भावंड आहे. जीपीएस वापरून लपवलेल्या डब्या शोधायचा जिओकॅशिंगचा खेळ मे 2000 मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची नाणी आली. त्यांवर माग काढायचा क्रमांक असतो. डबीत असं नाणं मिळालं तर ते घरी ठेवायचं नसतं. क्रमांकाची नोंद करून पुढच्या डबीत सोडायचं असतं. प्रवास करत राहणं हेच त्याचं काम.

मिळवायचं कसं

सगळ्यात चांगलं नाणं दिलेलं. त्यानंतर अदलाबदलीत आलेलं. मग विकत घेतलेलं. तिन्ही प्रकार संग्रहात असायला हरकत नाही, फक्त कुठलं कुठल्या वाटेने आलं ते खरं सांगायचं.

सैनिकाकडे, त्यातून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, नाणं मागू नये. ते कमावण्याची वस्तू आहे आणि मागितल्याने समोरच्याला अवघड होतं. पोलीस आणि अग्निशमन केंद्रांत वातावरण मोकळं असतं. तिथे जाऊन, कामात व्यत्यय न आणता, ‘तुमच्या केंद्राचं नाणं विक्रीला आहे का’ असं विचारलं तर कित्येकदा असतं, आणि त्यातून आलेले पैसे त्यांच्या कल्याणनिधीत जातात. माझ्याकडे अशा एका केंद्राचं नाणं आहे. द्यायला आलेल्या माणसाने आधी ते स्वतःच्या शर्टाला पुसलं, मग काठावरचा आकडा दाखवून सांगितलं की हा आमच्या बंबाचा नंबर. ते वाक्य मी नाण्याच्या पाकिटावर लिहून ठेवलं आहे.

अदलाबदल करायची तर साधारण तोलाचं द्या. तारेवाल्या अधिकाऱ्याच्या नाण्यासमोर दुकानातलं पर्यटकी नाणं ठेवणं बरं दिसत नाही.

ऑनलाइन लिलावात साधी नाणी साधारण 5 ते 15 डॉलरांत मिळतात. पोस्टाचा खर्च पुष्कळदा नाण्याहून जास्त होतो. म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या कुणाच्या पत्त्यावर चार-पाच एकदम मागवून ठेवणं परवडतं. घेण्याआधी विक्रेत्याची बाकीची दुकानदारी उघडून बघा. एकाच ‘दुर्मिळ’ नाण्याचे त्याच्याकडे पन्नास नग असतील तर ते दुर्मिळ नाही. नेव्ही सील्स, राष्ट्राध्यक्ष आणि सीआयए या तीन नावांखाली सगळ्यात जास्त काल्पनिक नाणी विकली जातात, म्हणजे त्या संस्थेने कधी काढलेलीच नाहीत अशी. शुद्धलेखन तपासा, तुकडीच्या ब्रीदवाक्यातली चूक हा नकलेचा ढळढळीत पुरावा. चित्राचे कोपरे भिंगाखाली बघा. नक्कल करणारा पुष्कळदा मूळ नाण्याच्या फोटोवरून ठसा करतो, आणि मग गरुडाच्या पिसांच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

कोणी काढलं हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे याचं उत्तम उदाहरण 2018 चं. ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या भेटीचं नाणं व्हाइट हाउसच्या संपर्क विभागाने मे महिन्यात, भेट होण्याआधीच काढलं. त्यावर दोघांचे समोरासमोर चेहरे. 24 मे रोजी ट्रम्प यांनी भेट रद्द केली आणि अख्ख्या जगाने त्या नाण्याकडे बघितलं. पुढे 12 जूनला सिंगापूरला भेट झालीच. दरम्यान ‘व्हाइट हाउस गिफ्ट शॉप’ नावाच्या खासगी दुकानाने याच भेटीचं आपलं वेगळं नाणं विक्रीला लावलं. नावावरून ते सरकारी वाटतं. तसं ते नाही. विकत घेताना ‘काढलं कोणी आणि वाटलं कोणी’ हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

नोंद

नाणं घरात आलं त्याच दिवशी नोंद करा. वही असो की संगणकावरचा तक्ता, प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक त्याच्या डबीवर चिकटवा. नाण्यावर काही लिहू किंवा चिकटवू नका. नमुन्यादाखल:

क्र. 14. पुढची बाजू: माल्टीज क्रॉस, मध्ये शिडी व बंब. मागची बाजू: संत फ्लोरियन. 44 मिमी, पितळ, सॉफ्ट इनॅमल, पिळाचा काठ. मागच्या बाजूला घड्याळातल्या सातच्या ठिकाणी लाल रंग उडालेला. केंद्रातच विकत घेतलं. देणाऱ्याने सांगितलं: काठावरचा आकडा बंबाचा.

शेवटच्या ओळीसाठी बाकीच्या ओळी आहेत. नाणं वारशात मिळालं असेल आणि देणारी व्यक्ती हयात असेल तर आजच फोन करा. काका किंवा आजोबा अमेरिकेत सैनिकी इस्पितळात काम करत असतील, कुठल्या तरी कर्नलने दिलं असेल, तर त्या कर्नलचं नाव, साल, प्रसंग विचारून त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. जाहीर लिहिताना मात्र त्या माणसांची नावं आणि तैनातीचे तपशील त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका.

जपणूक

आपल्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर मुलामा न दिलेलं पितळ डोळ्यादेखत काळवंडतं. हवाबंद पारदर्शक कॅप्सूलमध्ये नाणं ठेवा, कॅप्सूल घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्याच्या आधी पुड्या बदला.

मऊ पीव्हीसीचे अल्बम वापरू नका. त्यातून बाहेर पडणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो आणि तो मुलाम्याला कायमचा खातो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही नको. भिंतीवरची लाकडी मांडणी छान दिसते, तिच्यात कायमची ठेवायची ती तुमची साधी नाणी असू द्या, कारण उघड्यावर धूळ आणि वाफ लागतेच.

आणि कृपा करून घासू नका. घरात पितळेच्या समया चिंच, लिंबू किंवा पावडर लावून लखलखीत करायची आपल्याला सवय असते. तीच युक्ती या नाण्यांवर केली तर सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि इनॅमलची चमक मरते. मुद्दाम काळसर ठेवलेलं ‘अँटिक’ काम तर घासल्यावर कायमचं बिघडतं, कारण खोलगट भागातली ती काळसर छटा हाच त्याचा उठाव. बोटांचे ठसे मऊ, कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. नाणं काठाला धरून उचला. नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर जवळही आणू नका, त्याने रंग विरघळतो.

स्वतःच्या गटाचं नाणं काढायचं असेल तर

गिर्यारोहकांचा गट, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची बॅच, अशा कुणालाही असं नाणं काढता येतं, आणि देण्याचं कारण खरं असेल तर ते शोभतंही. आधी कारण ठरवा, मग चित्र. सगळ्यांना सरसकट वाटायचं की विशेष कामाला द्यायचं, यावर संख्या आणि मजकूर दोन्ही अवलंबून आहेत. माझं मत विचाराल तर कमी काढा.

बनवणारे बहुधा 50 किंवा 100 नगांपासून काम घेतात. ठशाचा खर्च वेगळा आणि एकदाच. त्यामुळे नग वाढले की प्रत्येकी किंमत उतरते. ठसा कोणाच्या मालकीचा राहील आणि पुन्हा नाणी काढताना त्याचे पैसे पडतील का, हे आधीच लिहून घ्या.

देवनागरी अक्षरांसाठी जास्त काळजी लागते. 44 मिलिमीटरच्या वर्तुळात काठाने लांबलचक नाव फिरवलं की वेलांट्या, रफार आणि अनुस्वार रंगात बुडतात. अक्षरं उठावाची, धातूची ठेवा आणि भोवती रंग भरा. अक्षरातच रंग भरू नका. मजकूर नुसता टाइप करून पाठवू नका. कारखान्यातल्या माणसाच्या संगणकावर फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात आणि त्याला ती चूक वाचता येत नाही. अक्षरांच्या बाह्यरेषा करून व्हेक्टर फाइल पाठवा आणि आलेला आराखडा छापून, खऱ्या आकारात कागदावर बघून मगच मंजूर करा. पडद्यावर मोठं करून सगळंच वाचता येतं.

चिन्हांच्या बाबतीत कायदा बघा. अशोकस्तंभाचं राजचिन्ह 2005 च्या कायद्याने संरक्षित आहे, तुमच्या मंडळाच्या नाण्यावर ते येता कामा नये. 1950 च्या चिन्हं आणि नावांच्या कायद्यात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र यांचाही समावेश आहे; व्यापार-धंद्यासाठी त्यांचा वापर परवानगीशिवाय करता येत नाही. नाणी विकायची असतील तर हे आधी वकिलाला विचारा. गडाची तटबंदी, दरवाजा, सुळका यांना अशी आडकाठी नाही आणि ठशात ते दिसतातही फार चांगले. चलनी नाण्यासारखा आकार आणि रुपयाचं चिन्ह किंवा रक्कम टाळा. अमेरिकेत काढत असाल तर तिथल्या सैन्यदलांची चिन्हं त्यांच्या मालकीची असतात, विक्रीसाठी परवाना लागतो.

काठावर अनुक्रमांक कोरून घ्या. थोडा जास्त खर्च येतो पण नंतर फार उपयोगी पडतो. पूर्ण काम सुरू करायला सांगण्याआधी एक नमुना नाणं मागवा, नखाने रंग तपासा, काठावरून बोट फिरवून कुठे धार राहिली आहे का बघा, मुलाम्याची छटा दिवसाच्या उजेडात पाहा. नाणी आल्यावर कुठला क्रमांक कुणाला, कधी आणि कशासाठी दिला याची यादी मंडळाच्या दप्तरात ठेवा, आणि एक प्रत चिटणीसांच्या घरी.